‘आधी बायका-मुलं’ : पण होड्या किती?

आरक्षणाचा विषय निघाला की सभेत एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी तो बसमधल्या राखीव सीटवरून असायचा. टायटॅनिकचा सिनेमा १९९७ साली आला, आपल्याकडे तालुक्याच्या थेटरापर्यंत पोचला, आणि तेव्हापासून दाखला बदलला. किनाऱ्यावरच्या एका गावात आमचं कायद्याचं शिबिर चालू होतं, तिथे एक पुढारी उठून म्हणाले, “ताई, समान हक्क पाहिजेत ना? मग जहाज बुडताना ‘आधी बायका-मुलं’ कशासाठी? तिथंपण आमच्याबरोबर रांगेत उभ्या राहा की!” मांडवात हशा पिकला. बायकाही हसल्या.

सभेत अशा वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे जावं लागतं. पण हा प्रश्न इतक्या ठिकाणी इतक्या जणींना ऐकावा लागतो की एकदा नीट बसून त्याचा समाचार घ्यावा असं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडालं, सुमारे पंधराशे माणसं गेली. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेत बायका मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. मेलेल्यांचा शोक संपायच्या आत विरोधकांनी वर्तमानपत्रांतून विचारायला सुरुवात केली : बाईला मत हवं की होडीत जागा? दोन्ही मिळणार नाही. न्यूयॉर्कला ४ मे रोजी मताधिकाराचा मोठा मोर्चा आधीच ठरलेला होता. ज्या पुरुषांनी बायकांसाठी जीव दिला त्यांचा मान राखून तो रद्द करा, असं काही प्रतिष्ठित बायकाच सांगू लागल्या. मोर्चा निघाला. हजारो जणी चालल्या.

एमा गोल्डमनसारखी बंडखोर बाईसुद्धा तेव्हा टायटॅनिकवरच्या बायकांवरच चिडली. समानता मागायची आणि संकटात मुलांच्या पंक्तीत जाऊन बसायचं, हे तिला रुचलं नाही. मला तिचं म्हणणं पटत नाही. बुडत्या जहाजावर पुढे आलेला हात नाकारून कोणाचा कोणता हक्क सिद्ध झाला असता? मला जास्त जवळचं वाटतं ते ॲलिस स्टोन ब्लॅकवेल हिचं उत्तर. ही ल्यूसी स्टोनची मुलगी, ‘वुमन्स जर्नल’ची संपादक. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : समुद्रावर कप्तानाने सगळ्यांत शेवटी जहाज सोडायचं असतं, बाकीच्यांचे जीव आधी. जमिनीवर उद्योगधंद्यांचे जे कप्तान आहेत ते मात्र आधी स्वतःची सोय बघतात, मग त्यांच्या कारखान्यातली माणसं उपासमारीने आणि कोंदट खोल्यांत राहून क्षयाने मेली तरी चालतील. म्हणजे, समुद्रावरचा नियम एवढा चांगला असेल तर तो जमिनीवर आणा ना! आम्ही मत मागतो ते त्यासाठीच.

पण तिनेही एक गोष्ट गृहीत धरली होती, की समुद्रावर खरोखर तसंच घडतं. तिथेच मला थांबायचं आहे.

‘आधी बायका-मुलं’ ही काही समुद्रावरची कायदेशीर तरतूद नव्हती. तिचा डंका वाजला तो १८५२ सालच्या एका प्रसंगावरून. बर्कनहेड नावाचं सैनिकांनी भरलेलं ब्रिटिश जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं. शिपाई डेकवर रांगेत उभे राहिले, बायका-मुलांना होडीतून जाऊ दिलं, आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली किंवा शार्कच्या तोंडी गेली. त्या शिपायांचं धैर्य खरंच होतं, त्याला नाव ठेवायचा माझा हेतू नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की जहाजावर बायका-मुलं मिळून विसेक होती, आणि ते सैन्य होतं, हुकूम मोडणं शक्य नव्हतं.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८५४ मध्ये, आर्क्टिक नावाची अमेरिकन आगबोट न्यूफाउंडलंडजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळली. बोटीवर चारशेच्या आसपास माणसं आणि होड्यांत जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी. बायका-मुलांना आधी उतरवा, असा हुकूम कप्तानाने सोडला. खलाशांनीच होड्या बळकावल्या. ऐंशीपेक्षा थोडी जास्त माणसं वाचली, त्यांतले बहुतेक खलाशी. एकही बाई वाचली नाही. एकही मूल वाचलं नाही. बोटीच्या मालकाची बायको आणि दोन मुलंसुद्धा गेली. हे जहाज कोणाला ठाऊक आहे? त्यावर कोणी सिनेमा काढला नाही.

पुढे १८७३ साली अटलांटिक नावाचं जहाज कॅनडाच्या किनाऱ्याशी फुटलं. हे त्याच कंपनीचं, जिचं पुढे टायटॅनिक झालं. त्यावरच्या सगळ्या बायका मेल्या, मुलांत फक्त एक मुलगा वाचला. १८९८ साली ला बूर्गोन्य हे फ्रेंच जहाज बुडालं, त्यातून शेकडो बायकांपैकी एकच जिवंत परतली.

ही निवडून काढलेली उदाहरणं आहेत, असं कोणी म्हणेल. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एलिंडर आणि एरिक्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली हाच हिशेब मांडला. १८५२ पासून २०११ पर्यंतच्या अठरा जहाज-दुर्घटना आणि त्यांतली पंधरा हजारांहून जास्त माणसं त्यांनी तपासली. निष्कर्ष असा निघाला की बायकांचं वाचण्याचं प्रमाण पुरुषांच्या साधारण निम्मं. सगळ्यांत जास्त वाचतात ते खलाशी. कप्तानही, ‘शेवटी उतरणारा’ म्हणून ज्याची ख्याती, तो उतारूंपेक्षा जास्त वाचतो. टायटॅनिक आणि बर्कनहेड हे नियमाचे नमुने नसून अपवाद आहेत. आणि अपवाद घडला तो कशामुळे? कप्तानाने हुकूम दिला आणि तो पाळून घेतला, म्हणून. पुरुषांचं हृदय द्रवलं म्हणून नव्हे.

म्हणजे ज्या उपकाराची आठवण आपल्याला शंभर वर्षं करून दिली जाते, तो उपकार बहुतेक जहाजांवर झालेलाच नाही.

बरं, टायटॅनिकवर तरी कोणत्या बायका वाचल्या? ब्रिटिश चौकशी समितीचे आकडे आहेत. पहिल्या वर्गात १४४ बायका होत्या, त्यांतल्या १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गात १६५ होत्या, वाचल्या ७६. पहिल्या-दुसऱ्या वर्गातली मुलं जवळजवळ सगळी वाचली. तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी २७. तिसऱ्या वर्गाची राहायची जागा जहाजाच्या पोटात, तिथून होड्यांच्या डेकवर यायची वाट लांब आणि गुंतागुंतीची, आणि या लोकांना वर घेऊन येणं हे नेमकं कोणाचं काम, ते ठरलेलंच नव्हतं. त्या बुडालेल्या ८९ जणी स्थलांतरित मजुरांच्या घरच्या, इंग्रजी न समजणाऱ्याही त्यांत बऱ्याच. ‘आधी बायका’ म्हणणाऱ्यांच्या लेखी त्या बायका नव्हत्या बहुधा. वॉशिंग्टनला टायटॅनिकचं एक स्मारक आहे, अमेरिकेतल्या बायकांनी डॉलर डॉलर वर्गणी काढून उभारलेलं, १९३१ साली त्याचं अनावरण झालं. बायका-मुलं वाचावीत म्हणून प्राण देणाऱ्या शूर पुरुषांना ते अर्पण केलं आहे. शिलालेखात या ८९ जणींचा उल्लेख नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणाला आधी उतरवायचं, हा पेच मुळात पडतो कधी? सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या नसतात तेव्हा. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसं आणि वीस होड्यांत मिळून १,१७८ जणांची जागा. यात कंपनीने कायदा मोडलेला नव्हता. इंग्लंडचा होड्यांचा नियम १८९४ सालचा, तोही माणसं मोजून नव्हे तर जहाजाचं टनेज मोजून केलेला. त्यातलं सगळ्यांत वरचं कोष्टक दहा हजार टनांपाशी संपत होतं. टायटॅनिक सेहेचाळीस हजार टनांचं! नियम बदलायला हवा हे माहीत असलेली माणसं होती, पण ती बदलायच्या घाईत नव्हती. शिवाय होत्या त्या होड्याही नीट भरल्या नाहीत. पहिली होडी खाली सोडली तेव्हा पासष्ट माणसांच्या जागेत अठ्ठावीस बसली होती. ‘आधी बायका-मुलं’ याचा अर्थ एका अधिकाऱ्याने ‘आधी बायका’ असा लावला आणि दुसऱ्याने ‘फक्त बायका’ असा, त्यामुळे एका बाजूला जागा रिकामी असूनही पुरुषांना मागे हटवलं गेलं. हे स्त्रीदाक्षिण्य पुरुषांच्याही जिवावर उठलं.

आणि पुढे काही सुधारलं असेल तर ते स्त्रीदाक्षिण्याने सुधारलं नाही. १९१४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर असेल त्या प्रत्येक माणसासाठी होडीत जागा, होड्या उतरवण्याची कवायत, बिनतारी यंत्रावर सतत पहारा. या नियमात बाई आधी की पुरुष आधी हा प्रश्नच उरत नाही. उपसरपंचांपासून आमदारांपर्यंत जे जे हा दाखला देतात, त्यांना मी हेच सांगते. आम्ही तुमची जागा मागत नाही, होड्या पुरेशा ठेवा म्हणतो.

शिवाय हे दाक्षिण्य दाखवायलाही वेळ लागतो. टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. समुद्र शांत होता. इतका वेळ सहसा मिळत नाही. आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट घ्या. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. आषाढी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट सकाळी रेवसला जायला निघाली. सणाला गावी निघालेली कुलाबा जिल्ह्यातली माणसं तिच्यावर खचाखच भरली होती. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात बोट एका अंगावर कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला लोटले, आणि काही मिनिटांत ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे कोणीतरी पोहत किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. आसपासच्या कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढी माणसं काढली. हातची मासळी समुद्रात फेकून त्यांनी माणसं घेतली, असं किनाऱ्यावर अजून सांगतात.

‘रामदास’वर कोणी कोणाला ‘आधी तुम्ही’ म्हणायला अवधीच नव्हता. तिथे बायका वाचल्या असत्या तर त्या बोट बेताने भरल्यामुळे, अंगावर जीवरक्षक जाकीट असल्यामुळे, पावसाळ्यात बोट सोडायची की नाही हे कोणीतरी ठामपणे ठरवल्यामुळे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा माणसं गेली, तेव्हाही बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. जाकिटं घालण्याची सक्ती त्यानंतर झाली. आपल्या महिला मंडळाच्या सहली त्याच धक्क्यावरून निघतात. पुढच्या वेळी जाकीट मागून घ्या, आणि साडीवर ते कसं दिसतं याची चिंता करू नका.

साडीवरून आठवलं. एस्टोनिया नावाची फेरीबोट २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री बाल्टिक समुद्रात बुडाली. ९८९ माणसांपैकी ८५२ गेली. बोटीवर बायका आणि पुरुष जवळजवळ सारखे होते. वाचले १३७ : पुरुष १११, बायका २६. तिथे कोणी मुद्दाम बायकांना मागे लोटलं असं नाही. कललेल्या बोटीत जिन्यांवरून चढून वर येणं आणि थंडगार पाण्यात तग धरणं हे ताकदीवर, सरावावर अवलंबून होतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायका मेल्या, असं ऑक्सफॅमने नंतर नोंदलं. पुरुष खोल समुद्रात होते, तिथे लाट जाणवतही नाही. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट बघत होत्या. त्यांना पोहायला येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं, कडेवर मुलं होती. आपल्या कोळीवाड्यांत तरी वेगळं काय आहे? मासळीचा सगळा बाजार बाईच्या डोक्यावर, पण होडीत बाई चढली तर अपशकुन, असं म्हणणारे अजून भेटतात. समुद्रापासून शंभर पावलांवर जन्मलेल्या मुलीला पोहता येत नाही, ही निसर्गाची देणगी नाही. मुलग्यांना खाडीत उड्या मारायला कोणी परवानगी विचारायला लावत नाही, तिला लावतात. राखीव सीटपेक्षाही माझी मोठी मागणी ही आहे : किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत मुलींना पोहायला शिकवा.

आणि ज्या जहाजावर चढल्याच नाहीत त्या? टायटॅनिकच्या खलाशांपैकी आणि भट्टीवाल्यांपैकी बहुतेक जण साउदॅम्प्टन गावातले. त्या एका गावात पाचशेहून जास्त घरांत सुतक आलं. जहाज ज्या घटकेला बुडालं त्या घटकेपासून खलाशांचा पगार बंद झाला. तसा रिवाजच होता. डेकवर ‘आधी बायका’ म्हणणारी कंपनी धक्क्यावरच्या बायकांना ओळखत नव्हती. लोकांनी मोठा मदतनिधी जमवला, पण त्यातही अधिकाऱ्याच्या विधवेला जास्त, भट्टीवाल्याच्या विधवेला कमी. विधवेची वागणूक कशी आहे हे बघायला बाई नेमलेली. दारू प्यायली, ‘चालचलन’ बिघडलं, की पैसे थांबवता येत. दुसरं लग्न केलं तर बंदच. वाचून मला आपल्याकडची निराधार योजनेची कचेरी आठवली.

आपल्याकडे याच्याही पुढचा एक फास आहे. समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळत नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विमा नाही, नुकसानभरपाई नाही, होडी नावावर होत नाही, बँकेतलं खातं उघडत नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं मानावं, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही सात वर्षंच आहेत. सात वर्षं ती बाई ना सवाष्ण, ना विधवा. कुंकू लावलं तर सासर बोलतं, पुसलं तर गाव बोलतं, आणि घर चालवायचं ते कोणाच्या तरी मच्छी सोलून. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे बरेच मच्छिमार परतलेच नाहीत, तेव्हा त्यांच्या घरच्यांना सात वर्षं न थांबवता मदत द्यायचा खास निर्णय सरकारला घ्यावा लागला. तो घेतला, चांगलं झालं. पण वादळ मोठं असलं, टीव्हीवर आलं, लोक रस्त्यावर बसले, तर खास निर्णय. एकटी होडी एखाद्या रात्री गेली तर सात वर्षं! होडीची नोंद, निघताना लिहिलेली माणसं, वायरलेसचा शेवटचा संदेश, बरोबरच्या होड्यांचे जबाब यांवरून काही महिन्यांत दाखला द्यायचा कायमचा नियम का होऊ नये? मच्छिमार सोसायट्यांच्या सभांत हा ठराव आपल्या गटांनी मांडायला हवा. सोसायटीत बायका सभासद किती, हेही तेव्हाच विचारून घ्या.

कप्तानाने शेवटी उतरायचं, हा ब्लॅकवेलबाईंनी उचलून धरलेला नियम मला आजही आवडतो. फक्त तो कप्तान पुरुषच असेल असं समजायचं आता कारण नाही. २२ जून २०१५ ला ओडिशात गोपाळपूरजवळ ‘दुर्गम्मा’ नावाची आंध्रातली मासेमारी होडी इंजिन बंद पडून, नांगर तुटून भरकटत होती. सात जण, सगळ्यांत लहान पंधरा वर्षांचा. अन्न-पाणी वाहून गेलेलं, मासळीसाठी आणलेल्या बर्फावर जगत होते. पंचवीस फुटांहून उंच लाटा. ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाने त्यांना पाहिलं आणि कप्तानाने जहाज वळवलं. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या खेपेला शिडी, जाकिटं आणि दोर टाकून सातही जण वर घेतले. कप्तानाचं नाव राधिका मेनन. भारतीय व्यापारी जहाजावरची ही पहिली महिला कप्तान, आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्याचा पुरस्कार मिळालेली पहिली बाई. होडीतले सातही पुरुष होते. त्यांना वर घेताना त्यांनी आधी कोणता मोर्चा काढला होता, हे तिने विचारलं नाही.